मिनाची कॅसेट

माझ्या दुकानात एक ड्रॉवर हाय. त्याला कुलूप हाय, आन किल्ली मी कुणाला देत न्हाई, बायकोला बी न्हाई. आत व्हिडिओ गेमची एक कॅसेट हाय. कॅसेट म्हंजे गाण्याची न्हवं, टीव्हीला जोडायच्या गेमात वरून खोचायची, पिवळ्या प्लास्टिकची, तळहाताएवढी. आता तुमी म्हणाल, दोन हजार नऊ सालात तो गेम कोण खेळतंय, पोरं समदी मोबाइलच्या मागं. बराबर हाय. पण ती खेळायसाठी ठिवलेलीच न्हाई. काहून ते सांगतो, फकस्त मधी बोलू नका. मला मधी बोललेलं खपत न्हाई.

मी वैजनाथ. हिंगोलीत एसटी डेपोच्या मागल्या गल्लीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. प्रेमदास राठोड माझा भागीदार होता. औंढ्याच्या रस्त्याला त्याचा तांडा. लहानपणी बैलगाडीखाली सापडून त्याचा डावा पाय अधू झाला होता, तो पाय ओढत चालायचा. दुकानात सोल्डर मारायचं काम माझं आन डोकं त्याचं. माझ्या तोंडाला आवर न्हाई हे समद्या गल्लीला ठाव हाय. प्रेमदास मात्र मी शिव्या दिल्या की चहा सांगायचा. असा माणूस सापडत न्हाई.

त्या काळात सुट्ट्या लागल्या की घरोघरी ते गेम चालू व्हायचे आन कॅसेटी खराब होऊन आमच्याकडं यायच्या. प्रेमदासनं एक उघडली, आतली चिप बघितली, आन त्याला येडच लागलं. हैदराबादहून कोऱ्या चिपा आणल्या, त्यावर लिहायची आन वाचायची एक डबी आणली, कॉम्प्युटरबिगर चालणारी. त्या चिपेच्या पाठीवर काचेची बारकी खिडकी असती. त्या खिडकीतून ऊन आत गेलं की लिहिलेलं समदं उडून जातं, म्हणून वर काळी पट्टी चिकटवायची. पुसायची मशीन येती म्हणं, पण आमाला कशाला मशीन पायजे? हिंगोलीचं ऊन होतं की. पट्टी काढून चिप पत्र्यावर टाकायची, आठ-दहा दिवसांत कोरी करकरीत.

पयले त्यानं दुसऱ्यांचेच गेम एका कॅसेटीत भरले. मग म्हणाला, आपला सवताचा करायचा. नांदेडला जाऊन इंटरनेटवरून कागद काढून आणले, समदे इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन बसला. जुना कॉम्प्युटर घेतला. चौकटीच्या वहीत एकेक चौकट रंगवून चित्रं काढायचा, त्याच्या खाली आकडे लिहायचा. चौदा महिने. गिऱ्हाइकांचे टीव्ही तसेच पडून, आन हा बसलाय चौकटी रंगवत. मी रोज त्याचा उद्धार करायचो.

दोन हजार दोनच्या दिवाळीला गेम तयार झाला. मी लावून बघितला. एक बारकी पोरगी, घागरा-ओढणी, डोक्यावर घागर. डाव्या हाताला विहीर, उजव्या हाताला घर, मधी एक लिंबाचं झाड. पोरीला घरून विहिरीवर न्यायचं, पाणी भरायचं, काट्यातून आन कुत्र्यापासून वाचवत परत आणायचं. घराजवळ आली की दार उघडतं, दारात आई दिसती, पोरगी आत जाती, दार लागतं. झालं. गुण न्हाईत, मारामारी न्हाई. मी म्हणलं, लेका, चौदा महिने घालवून हे केलं? कोण खेळणार हे?

"माझी याडी खेळंल," तो म्हणाला.

याडी म्हंजे त्यांच्या बोलीत आई. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रेमदासला एक धाकली बहीण होती, मिना. नऊ वर्षांची असताना भर दुपारी पाण्याला गेली आन परत आली न्हाई. विहिरीला कठडा न्हवता. प्रेमदास तवा तेरा वर्षांचा होता. इतक्या वर्षांत त्यानं मला हे एकदाच सांगितलं होतं, ते बी दुसरीकडं बघत. मी गुमान चहा सांगितला.

त्यानं दोन चिपा लिहिल्या. एक कॅसेट आईला दिली, एक दुकानात ठिवली. तांड्यावर जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही नेला, गेम जोडून दिला. आन नानीबाई, कोपरापर्यंत बांगड्या घातलेली साठीची बाई, गेमचा रिमोट धरायला शिकली. रोज दुपारी जेवण झालं की बसायची आन मिनाला विहिरीवरून घरी आणायची. दिवसातून एकदाच. मिना आत गेल्याबिगर टीव्ही बंद करायची न्हाई. तिचा नवरा उत्तमसिंग कधी बघायचा न्हाई. टीव्ही लागला की उंबऱ्यावर पाठ करून बसायचा आन तंबाखू मळायचा.

पुढल्याच साली कनेरगाव नाक्याजवळ जीप पलटी झाली, त्यात प्रेमदास गेला. वाशिमला काय कामाला चालला होता ते मला ठाव न्हाई. मला सांगून गेला न्हवता.

आता जे सांगतो ते मी एक माणूस सोडला तर कुणाला सांगितलं न्हाई. मला त्याचा लई राग आला होता. मेलेल्या माणसाचा राग येतो, ज्याला आला त्यालाच कळतं. तेरावं झालं, मी दुकान उघडलं, टेबलावर त्याची ती कॅसेट. म्हणलं, चौदा महिने हेच करत बसलास आन मला एकट्याला टाकून गेलास. कॅसेट फोडली, चिपेची पट्टी नखानं खरडून काढली आन पत्र्यावर उन्हात टाकली. दहा दिवसांनी त्या चिपेवर मोटारीच्या शर्यतीचा गेम लिहून एका गिऱ्हाइकाला देऊन टाकला. तवा काही वाटलं न्हाई. वाटायला लागलं ते नंतर.

दोन हजार चारची होळी झाली आन दोनेक आठवड्यांनी नानीबाई दुकानात आली. नखं हळदीनं पिवळी, ओढणीच्या टोकाला कॅसेट बांधलेली.

"मिना घरी येऊन न्हाई राहिली, वैजनाथ," ती म्हणाली. "विहिरीवर जाती आन तिथंच ऱ्हाती."

मी कॅसेट लावली. पोरगी घरातून निघाली, लिंबाखालून गेली, विहिरीवर वाकली, घागर भरली. आन गेली. पडद्यावर नुसती विहीर राहिली. परत लावलं, परत तेच. पाच वेळा बघितलं.

झालं होतं असं, की होळीला तांड्यातल्या पोरांनी घरात रंगाचं पाणी उडवलं, कॅसेट भिजली. भिजलेली वस्तू माणूस काय करंल? नानीबाईनं विळ्याच्या टोकानं कॅसेट उघडली, फडक्यानं पुसली. ओली पट्टी निघून आली, ती फेकून दिली. अंगणात हळद वाळत घातलेली होती, तिच्या कडंला चिप ठिवली, काच वर करून. हळद मोडली की कडकन वाजंपर्यंत वाळवतेत. तिनं चिप बी तवरच वाळवली, कसर नगं म्हणून. दहा दिवस. आन दहा दिवस मिनाला बघितल्याबिगर काढले.

मी तिच्यावर खेकसलो. उन्हात ठिवायला कुणी सांगितलं, एवढी अक्कल न्हाई का, असं काय काय बोललो. मग माझं मलाच आठवलं आन तोंड बंद झालं.

तिनं इचारलं, दुकानातली दुसरी हाय ना? प्रेमदास म्हणायचा, एक वैजनाथकडं हाय.

मी म्हणलं, "हाय."

आठ दिवसांनी देतो म्हणून सांगितलं. कॅसेट ओढणीला बांधून ती निघाली, पायरीवरून मागं वळली आन म्हणाली, लाईट कमी झाली की येती ती, थोडं थोडं. मी मान हलवली. म्हातारीच्या जिवाला काही बी दिसत असंल, असं वाटलं मला.

मी दुकान उलटंपालटं केलं. कॉम्प्युटर कवाच मेला होता. फ्लॉप्या सापडल्या, त्यांना बुरशी. वही तेवढी होती, शहाऐंशी पानं, चौकटी आन आकडे. त्यातून गेम उभा करायला प्रेमदासच पायजे होता, मी न्हाई. चौथ्या दिवशी मनाचा हिय्या केला. म्हणलं, जाऊन खरं सांगावं, म्हातारी थोबाडीत मारंल तर मारू दे. औंढ्याची एसटी धरली आन दुपारचा तांड्यावर पोचलो.

शेतातल्या समद्या मोटारी चालू होत्या, व्होल्टेज पार पडलेलं. घरातला बल्ब निखाऱ्यावानी लाल. टीव्हीचं चित्र चारी बाजूंनी आखडून मधी गोळा झालेलं. उत्तमसिंग उंबऱ्यावर पाठ करून बसलेला, मला बघून त्यानं नुसती मान हलवली. नानीबाई रिमोट धरून बसली होती.

आन विहिरीतून मिना वर आली.

खोटं सांगत न्हाई. घागर डोक्यावर घेऊन ती विहिरीच्या मागून निघाली आन एकेक पाऊल टाकत लिंबापर्यंत आली. तेवढ्यात कुणाची तरी मोटार बंद झाली असंल, बल्ब पिवळा झाला, चित्र मोठं झालं, आन मिना लिंबाखालीच उडाली. नानीबाईनं रिमोट खाली ठिवला न्हाई. लाईट चांगली झाली की जाती, म्हणाली. काल तर अंगणापर्यंत आली व्हती.

खरं सांगायला गेलो होतो, ते राहूनच गेलं. ती जुनी चिप मागून घेतली आन माघारी निघालो.

एसटीत बसल्यावर डोकं चालायला लागलं. माझ्या दुकानात स्टॅबिलायझर हाय, तिथं व्होल्टेज पडत न्हाई. चिपेतलं लिहिलेलं पुरतं उडालं न्हवतं, पुसट झालं होतं. पुसट लिहिलेलं पुऱ्या व्होल्टेजवर कोरंच वाचलं जातं, व्होल्टेज कमी केलं की परत दिसतं. भुताटकी न्हाई, हिशेब हाय. मला इतकं बरं वाटलं की शेजारच्या अनोळखी माणसाला मी तंबाखू दिली.

दुकानात चिप डबीत बसवली आन व्होल्टेज थोडं थोडं उतरवत वाचायला लागलो. सात वेळा वाचली, सात वेळा वेगळं निघालं. आठव्या वेळी आणखी खाली उतरवलं, त्याच्या खाली डबीच बंद पडली असती. जे निघालं ते नव्या चिपेवर लिहिलं. कॅसेट लावली. मिना गेली, पाणी भरलं, लिंबाखालून आली, कुत्र्याला चुकवून अंगणात आली. दार उघडलं. दारात आई. मिना आत गेली. मी टेबलावर हात आपटला आन एकटाच हसलो.

मग बघितलं तर विहिरीपाशी आणखी कुणीतरी होतं.

मिनापेक्षा उंच. घागर न्हाई. चित्र अर्धंच उमटलेलं, मधी मधी भोकं. ते लिंबाकडं चालत आलं, मिना आली त्याच वाटेनं. एक पाऊल टाकायचं आन डावा पाय मागून ओढून घ्यायचं. अंगणात पोचंस्तवर दार लागलं होतं. ते बंद दारापुढं उभं राहिलं. मी स्विच बंद केला आन पायऱ्यांवर उन्हात येऊन बसलो, दुपारचे दोन वाजले होते तरी.

वही काढली. शहाऐंशीच्या शहाऐंशी पानं बघितली. त्यात मिना हाय, कुत्रं हाय, आई हाय. दुसरं माणूस कुठंच न्हाई. मी सवताला समजावलं, पुसट आकडे हायत, मिनाचंच चित्र वेडंवाकडं होऊन दुसऱ्यांदा उमटलं असंल. मी मेकॅनिक हाय, असं होतं हे मला समजतं. पण पुसट आकड्यांना लंगडायला कुणी शिकवलं, हे मला अजून समजलं न्हाई.

ते काढून टाकायला बघितलं असतं तर जमलं बी असतं कदाचित. हात लावायची हिंमत झाली न्हाई. आठव्या दिवशी तशीच कॅसेट घेऊन तांड्यावर गेलो.

नानीबाईनं मिनाला घरी आणलं. महिन्यात पहिल्यांदा. तिच्या तोंडावर जे आलं ते बघून मला वाटलं, आताच टीव्ही बंद करावा. पण तिची नजर पडद्यावरच होती, आन ते विहिरीवरून निघालं. अंगणात आलं. दार बंद. उभं राहिलं. नानीबाईनं परत लावलं, ह्या वेळी मिनाला वाटेत थांबवलं, तर मागलं माणूस बी थांबलं. मिना चालली की तेवढंच अंतर ठिवून ते चालायचं. दार मिनासाठी उघडायचं आन त्याच्या तोंडावर लागायचं.

मग मला राहवलं न्हाई. दुकानातली चिप मी पुसली, सांगितलं. याडी, मी सवताच्या हातानं पत्र्यावर टाकली, त्याचा राग आला होता म्हणून. बोलता बोलता मला रडू आलं, आन मी काही रडका माणूस न्हाई.

ती पडद्याकडंच बघत होती.

"तू बी उन्हात ठिवली, मी बी उन्हात ठिवली," ती म्हणाली. "आता दोघं बी एकाच वाटेनं येऊन राहिले."

मग तिनं एकच इचारलं. दार थोडं जास्त येळ उघडं ऱ्हातंय का?

गेम बनवणं मला येत न्हाई, पण एक आकडा बदलणं येतं. वहीत प्रेमदासच्या अक्षरात लिहिलं होतं: दार, एकशेवीस मोजून बंद. त्या आकड्याची जागा बी बाजूला लिहिलेली. तिथं जास्तीत जास्त दोनशेपंचावन्न बसतो, त्याच्या वर आकडा जातच न्हाई. मी बोटावर हिशेब केला, लंगडणाऱ्याला किती पावलं लागतील. एखाददुसरं पाऊल कमीच पडत होतं. तरी दोनशेपंचावन्नच लिहिला. नव्या चिपेवर काळी पट्टी लावली, एकावर एक तीन. दुकानात लावून बघितली न्हाई. म्हणलं, पुरलं न्हाई तर ते तिच्यासमोरच कळू दे, मला एकट्याला नगं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो. उत्तमसिंग उंबऱ्यावर पाठ करून बसला होता. नानीबाईनं हात धुतले, ओढणीला पुसले आन रिमोट घेतला. मिना निघाली. पाणी भरलं. लिंब. कुत्रं. अंगण. दार उघडलं, आई दारात. मिना आत गेली. मागून ते येत होतं, पाय ओढत. मी मनात मोजत होतो. दोनशे झाले तवा ते लिंबाच्या अलीकडं होतं. दोनशे चाळीसला अंगणात. मला बघवत न्हवतं. नानीबाईनं रिमोट खाली ठिवला होता, तिच्या हातात आता काहीच न्हवतं.

"चाल, बेटा," ती हळूच म्हणाली.

आन उंबऱ्यावर बसलेला उत्तमसिंग, पडद्याकडं पाठ असलेला, एका बाजूला सरकला. कुणाला तरी आत जायला वाट द्यावी तसा. मी सवताच्या डोळ्यानं बघितलं. परत पडद्याकडं बघितलं तर दार लागलं होतं आन अंगणात कुणी न्हवतं. पुरं घर, बंद दार, विहीर आन लिंब.

बाहेर पसरलेल्या हळदीचा वास येत होता. नानीबाई उठली, तिनं टीव्ही बंद केला. मग गेममधून कॅसेट ओढून काढली आन माझ्या हातात दिली. मी म्हणलं, याडी, ही तुमच्यासाठीच केली, ठिवा. तिनं मान हलवली.

"आता लावायची न्हाई," ती म्हणाली. "लावली की पुन्हा बाहेर पडतेत."

त्यानंतर तिनं टीव्हीला कधी गेम जोडला न्हाई. दोन वर्षांनी ती गेली, मग उत्तमसिंग बी गेला. कॅसेट माझ्या ड्रॉवरात हाय. साल-सहा महिन्यांनी काढतो, पट्ट्या बघतो, वर आणखी एक लावतो, परत ठिवतो. प्रेमदासला बघायचं मला लई वाटतं, कुणाला सांगू नका. दुपारी गिऱ्हाईक नसलं की जास्त वाटतं. टीव्ही समोर हाय, गेम फळीवर हाय, एक बटन दाबायचं काम.

पण बटन दाबलं की पयले काय होतं ते मला ठाव हाय. दार उघडतं, आन मिना घागर घेऊन पाण्याला निघती.